लाल दोऱ्याचा टाका

प्रिय ताई,

सविनय तक्रार अशी की, परवाच्या पार्सलातले चोवीस मोजे सुटे निघाले. मापं तीन, रंग सगळ्यांचा पांढरा. जन्मभर पोरांकडून समास सोडवून घेतले, निवृत्तीनंतर मुलांच्या दवाखान्यात बिनपगारी मदतीला बसलो, तर जोड्या लावणं नशिबी आलं. दवाखान्यातल्या सिस्टर दारातून म्हणाल्या, “सर, मोजे जुळवताय की लग्नं?” म्हटलं, लग्नं सोपी हो, तिथे विजोडही खपतं.

तुला इथलं काही ठाऊक नाही असं धरून सांगतो. तेवढं नाटक करू दे. वाकड्या पावलांची बाळं इथे दर आठवड्याला प्लास्टर बदलायला येतात. पाऊल सरळ झालं की पट्टीने जोडलेले बूट, झोपताना घालायचे, तेही काही वर्षं. बूट दवाखाना देतो. मोज्यांचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. बूट चामड्याचा, कातडी लोण्याची. फोड येतो, बाळ रडतं, आईचं काळीज विरघळतं, बूट पलंगाखाली जातो आणि पाऊल पुन्हा आत वळतं. एका इस्त्रीवालीच्या लेकीचं तसंच झालं होतं. बूट आपटायची म्हणून आम्ही तिला हवालदारीण म्हणतो. पुन्हा प्लास्टर झालं, आणि या वेळी बुटांबरोबर दोन जोड मोजे दिले, एक पायात, एक वाळत. गेल्या आठवड्यात बाईसाहेब स्वतः चालत माझ्या टेबलाशी आल्या आणि चष्मा जप्त करून गेल्या. टाच पुरती टेकवून चालते गं.

ते मोजे निनावी पार्सलातले. दोन वर्षं दरमहा येतंय, आणि कुणाचं ते पहिल्याच दिवशी कळलं. प्रत्येक जोडीतले दोन्ही मोजे वर लाल दोऱ्याच्या एका टाक्याने एकमेकांना जोडलेले. शाळेत माझे मोजे हरवू नयेत म्हणून असा टाका घालणारी बाई जगात एकच. तरी मी पत्र टाकलं नाही. आईच्या आजारपणात तुला म्हणालो होतो, ‘तू पाहुणी, तुला काय कळतंय.’ त्यानंतर तू आली नाहीस, मी बोलावलं नाही. एवढे शब्दकोश पाठ, पण ‘चुकलो’ हा शब्द काही सापडेना. घरात खुर्च्या दोन. दुसरीवर वर्तमानपत्र बसतं. पार्सल आलं की एकेक टाका कापायचा आणि दोरे पेनांच्या डबीत ठेवायचे, एवढीच काय ती आपली भेट.

चार महिन्यांपूर्वी टाके वाकडे झाले. मग टाके गेले, नुसत्या गाठी आल्या. या वेळी दोराच नाही. शिक्का तुझ्याच गावचा, पण पत्त्यावरचं अक्षर परक्याचं. मोज्यांचं सोड, ते मी जुळवीन. ताई, डोळ्यांना दिसेनासं झालंय का, की हात चालत नाहीत? तुझ्याजवळ कोण आहे? शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. दार वाजवीन आणि आतून कुणीच ओ देणार नाही, याची फार भीती वाटते.

तुझाच,
मोजे हरवणारा धाकटा