तळघरात भुलाबाईची जागा

प्रिय वहिनी,

जिना मी बांधला. पायरी साडेपाच इंचांची, तुझ्या गुडघ्यांच्या हिशोबाने. मिस्त्री सात इंचांवर अडून बसला होता, त्याला घरी पाठवला. भिंतीलगतचा बसायचा ओटा आणि त्याच्या पोटातले चटया-उश्यांचे कप्पे माझे. टीव्हीमागची फळी, कॅरमचा घडीचा स्टँड, छतातले दिवे, हवा बाहेर फेकणारा पंखा, सगळी वायरिंग, सगळं माझं. आणि समोरच्या भिंतीत एक कोनाडा. चौकट आपल्या जुन्या घराच्या दाराची, सागवानी. तुझा हात टाच न उचलता पोचेल इतक्या उंचीवर. भुलाबाईसाठी.

तळघर पूर्ण झालं, वहिनी. हे कुणाला तरी नीट सांगायचं होतं. मंदाला सांगितलं तर ती "छान झालं" म्हणाली आणि कुकर लावायला वर गेली. बायको आहे माझी, थकली असेल माझ्या रंध्याच्या आवाजाला. दादा तर चार दिवसांपासून बोलूनच नाही राहिला. मग उरलं कोण? तूच!

तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा मी सातवीत होतो. चड्डीची नाडी एका हाताने धरून फिरणारा पोट्टा, आणि तू मला म्हणालीस, "भाऊजी, जेवता का?" मला अहो-जाहो करणारी जगातली पहिली व्यक्ती तू. मी मात्र तुला पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणत आलो. तुला कधी राग नाही आला का गं?

तळघराची कल्पना तुझीच. आई गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या. खाली दादा आणि तू, वर आम्ही. तू म्हणायचीस, "खाली एक टीव्ही, वर एक टीव्ही. एकच मालिका चालू राह्यते अन् दोघी जणी येकट्या येकट्या रडून राहिलो." इथे तात्यापारा मोहल्ल्यात घर नव्याने बांधलं तेव्हा दादाने गोदामासाठी म्हणून तळघर काढून घेतलं होतं. त्यात भंगार, उंदीर आणि जुने कूलर. तू पदर खोचून खाली उतरलीस, नाक दाबून चारही भिंती पाहिल्यास आणि म्हणालीस, "इथं सगळे बसू. पोट्ट्यांचा कॅरम, यांच्या मॅची, अन् माझी भुलाबाई."

तुझी भुलाबाई! भाद्रपदाच्या पुनवेला मातीचे भुलोजी-भुलाबाई बसवायचे, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी यायचं, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. रायपुरात आता कितीशी मराठी घरं हे करतात? पण तू पाऱ्यातली गल्ली न् गल्ली पालथी घालून पोरी गोळा करायचीस, त्यात छत्तीसगढी शेजारणीही. त्यांना गाण्यातलं अर्धं कळायचं नाही, खाऊ मात्र पूर्ण कळायचा.

डबा हलवून आवाजावरून ओळखायचा असतो. म्हणून तू चकल्या कापसात गुंडाळून ठेवायचीस! पोरी डबा हलवून हलवून दमायच्या. आमची गुड्डी एकदा वैतागली होती, "बड़ी मम्मी, ये तो चीटिंग है, डिब्बा ख़ाली है!" तू हसत हसत खाली बसलीस. मराठीत विचारशील तरच उघडीन, म्हणालीस. त्या दिवशी पोरीने आयुष्यातलं पहिलं अख्खं मराठी वाक्य म्हटलं.

तुला माझ्यावर एक राग होता, मला ठाऊक आहे. मी वेळ लावतो. उरला औद्योगिक वसाहतीतल्या मिलमध्ये मेंटेनन्स पाहतो मी, काम आठवड्याच्या सुट्टीलाच व्हायचं. ना आयटीआय, ना डिप्लोमा, जे आलं ते उघडून पाहून, बिघडवून, परत जोडून आलं. म्हणून अर्धवट काम मला दिसलं की अंगाला खाज सुटते. पहिल्या पावसाळ्यात नाल्याकडच्या कोपऱ्यात ओल दिसली. मी प्लास्टर खरवडून काढलं, भिंतीला बाहेरून चर खणून परत वॉटरप्रूफिंग केलं. मग भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला. आतून थेंब धरले तर समजायचं, ओल अजून भिंतीतच आहे.

तू वाकून पाहिलंस. "हे काय, भिंतीले पट्टी बांधली का? ताप हाय का तिले?"

मी म्हणालो, अजून एक पावसाळा पाहू. मगच फळ्या, मगच रंग, मगच भुलाबाई.

"पाह्यता पाह्यता पोट्ट्या सासरी जातीन, भाऊजी!"

त्या वर्षीही भुलाबाई वरांड्यातच बसली. पोरी पायऱ्यांवर दाटीवाटीने बसल्या. आणि उन्हाळ्यात ताप तुलाच आला. साधा ताप, सगळे म्हणत होते साधाच आहे. दवाखान्यातही तू मला काय विचारलंस? "कोपरा वाळला का?"

पुढच्याच पावसाळ्यात वाळला, वहिनी. प्लास्टिकच्या आत एक थेंब नाही. हात फिरवला तर भिंत पुठ्ठ्यासारखी कोरडी. मी बरोबरच होतो. घाईने फळ्या ठोकल्या असत्या तर आज मागून बुरशी धरली असती, हे मी कुणालाही लिहून देईन. पण तुला एक पावसाळा थांबायला काय झालं होतं? एवढी सोसणारी तू, एवढंच नाही जमलं?

जागा तयार झाली आणि तिथे कुणी येत नाही. गुड्डी फोन घेऊन वरच्या खोलीत. कॅरमवर पावडर टाकून ठेवली आहे, तशीच पसरलेली. मी संध्याकाळी जाऊन दिवे लावतो, सगळे लागतात का पाहतो, बंद करतो.

दादा तू गेल्यापासून एकदाही खाली उतरला नव्हता. चार दिवसांपूर्वी उतरला, तेही अर्धाच. एका कापडवाल्याला घेऊन आला, गोदामासाठी. स्वतः मधल्या पायरीवर बसला. तो माणूस फिरला, भिंती ठोकून पाहिल्या, खूश झाला. खूश होणारच! ओल नसलेलं तळघर या भागात दाखवा मला दुसरं.

मग ओटा आणि कोनाडा दाखवत म्हणाला, "भैया, बस ये ओटा तोड़ना पड़ेगा. और ये आला भी. रैक लगेंगे."

मी दादाकडे पाहिलं. दादा कोनाड्याकडे पाहत होता. उंचीकडे. ती कुणाची उंची आहे हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"जिच्यासाठी केलं थे नाही," तो म्हणाला, "आता काय पाहून पाहून रडाचं का इथं? देऊन टाक नं बे."

"तू उतर आधी खाली. पूर्ण उतर. मग सांग," मी म्हणालो.

तो उतरला नाही. "तू पाह्य," म्हणाला आणि कठडा धरून वर गेला. साडेपाच इंचांच्या पायऱ्या, तरी प्रत्येक पायरीवर थांबत. मी त्या कापडवाल्याला नकार दिला. तेव्हापासून दादाचं दार लोटलेलं असतं. त्याला वाटतं मी माझं दुःख त्याच्यापेक्षा मोठं दाखवायला निघालो आहे. मला फक्त एक भिंत वाचवायची होती. हे त्याला कसं सांगू? तू होतीस तेव्हा आम्हा दोघांमधलं तूच इकडून तिकडे सांगायचीस. आता ती बोलणी तोंडातच राहतात.

म्हणून तुला शब्द देतो. या भाद्रपदात भुलाबाई तळघरातच बसेल. पोरी चार येवोत की एकटी गुड्डी, तीही कुरकुरत. गाणी मला येत नाहीत, मंदाकडून शिकीन. खाऊ चकल्यांचा, डबा तुझाच, पण कापूस नाही घालणार. दादा खाली आला नाही तर डबा घेऊन वर जाईन आणि त्याच्या दाराबाहेर उभा राहून हलवीन. आवाज झाला पाहिजे. ओळखायला त्याला दार उघडावं लागेल. उघडेपर्यंत रोज हलवीन.

आणि हो, भाव ऐकून घे, नाहीतर म्हणशील भाऊजींनी सांगितलं नाही. कापडवाला महिना बावीस हजार भाडं देत होता.

तुझा,
भाऊजी