दोन श्रावण अन् एक हाड

८ जुलै
पाय मोडला. डावा, नळीचं हाड. चालत्या ट्रेलरवरून उडी मारली म्हणून नाही. उडी बरोबरच होती, ड्रायव्हरनं गाडी नीट चालवली नाही.
डॉक्टर मॅडमनं प्लास्टर मारलं. म्हणे, सहा हप्ते पाय टेकवायचा नाही. दूध, अंडे, डाळ, मुनगा म्हणजे शेवगा खायचा. तंबाखू एकदम बंद, तंबाखूनं हाड जुळत नाही. शिकलेले लोक कोणत्याही गोष्टीत तंबाखू आणतात.
ठेकेदार टिकारामजी दवाखान्यातच भेटून गेला. म्हणे, पोळा झाला की प्लांटमध्ये दुरुस्तीचं मोठं शटडाउन आहे, रिगरची जागा तुझ्यासाठी ठेवतो. पण स्वतःच्या पायानं गेटवर ये. इतके वर्ष हेल्पर म्हणून दोर ओढले, आता जड माल दोरानं बांधून चढवणारा रिगर! मी म्हटलं, चार हप्त्यात येतो. चौथीत शाळा सुटली, पण शरीराचं मले समजते.

९ जुलै, सकाळ
डाएट प्लॅन पक्का. सकाळी अंडे, दुपारी अंडे, रात्री पाया सूप. डबल खुराक म्हणजे हाड डबल स्पीडनं.
माझी खोली इकडं हिंदी मुलखात, खुर्सीपारात राधाबाईच्या घरी. बाई भंडाऱ्याची, आमच्याकडच्या पोरांची खानावळ चालवते. तिले प्लॅन सांगितला. म्हणे, अंड्याचं काय घेऊन बसला बाप्पा, कोंबडी कापते तुयासाठी.

११ जुलै
अंडे बंद.
राधाबाईची सून ममता इकडची, हिंदीवाली. तिचा सावन आज लागला. मी म्हटलं, आपला श्रावण अजून पंधरा दिवस दूर आहे ना काकू. राधाबाई म्हणे, चूल एकच आहे रे. एरवी दोघींचं मिठावरून वाजते. माझ्या अंड्यावरच एकमत झालं.
ममतानं मुनग्याची डाळ पाठवली. मुनगा म्हणजे लाकूड चावणं. परत पाठवली.

१३ जुलै
धनंजय आला. आमच्या गँगमधला हेल्पर, इथलाच. काडीसारखा. तो दोर ओढते का दोर त्याले ओढते, समजत नाही. म्हणे, भैया, बाहर से अंडा ला दूँ? मी म्हटलं, राधाबाईच्या घरात अधर्म नको. खर्रा आण.
खर्रा चरोद्यालेच चांगला भेटते. तिथं नागपूरचा एक जण घोटून देते.
तंबाखू सोडली हे लिहून ठेवतो. खर्रा वेगळा. त्यात सुपारीच जास्त.

१६ जुलै
मोठी गोष्ट लक्षात आली. खर्र्यात चुना असते. चुना म्हणजे कॅल्शियम. कॅल्शियम म्हणजे हाड. मॅडमले हे कोणी शिकवलं नसन.
धनंजयले सांगितलं, चुना डबल.

२१ जुलै
आईनं डिंकाचे लाडू पाठवले. तिरोड्याहून, गावातल्या माणसाबरोबर, डब्बा भरून. फोनवर म्हणे, रोज सकाळी दुधाबरोबर खा. कोणाले देऊ नको. पाक गरम होता, हात भाजून घेतले वळता वळता.
एक खाल्ला. खर्र्यावर चवच लागत नाही.
धनंजय माझ्यासाठी चरोद्यापर्यंत सायकल मारते. त्याले काही तर द्यावं लागते. सौदा केला, खर्रा आणला की लाडू. मले लाडू फुकट, म्हणजे खर्रा बी फुकट. याले डोकं लागते.

२५ जुलै
आज आपला श्रावण लागला. राधाबाईनं कांदा-लसूण बी बंद केलं. ममताचा संपला नाही अन् हिचा सुरू. माझ्या हाडानं कोणतं कॅलेंडर पाहावं?
दूध ममता रोज पाठवते. पण दुधानं मले गॅस होते. धनंजय पिऊन टाकते. ड्यूटी करून येते बिचारा, असू दे.
प्लास्टरच्या आत खाजून राहिलं.

३१ जुलै
धनंजय आला नाही. खर्रा संपला. कोपऱ्यावरच्या ठेल्यापर्यंत जाऊन आलो, भिंत धरून. पाय थोडासाच टेकवला. दुखलं. दुखते म्हणजे आत काम चालू आहे.
ममतानं पाहिलं. गल्लीत उभी राहून ओरडे, भैया, हड्डी जोड़ना है कि तोड़ना है? बायामाणसाले शरीराच्या मशीनचं काम समजत नाही.

९ ऑगस्ट
राखी. ममताचा सावन संपला. सकाळपासून कान स्वयंपाकघराकडे. काहीच फुटल्याचा आवाज नाही.
राधाबाई म्हणे, माझा चालू आहे ना रे. मी म्हटलं, काकू, माझा पाय. म्हणे, तुया पायासाठीच सोमवार धरून राहिली.
टिकारामजीचा फोन. कैसा है विचारे. मी म्हटलं, एकदम फिट, नाचून दाखवू का?
धनंजयचे खांदे भरले. शर्ट तंग होऊन राहिला. आता दोर एकटा ओढते म्हणे. मी म्हटलं, पावसाळ्यात तब्येत बनतेच.

१८ ऑगस्ट
लाडू संपले. आईले फोन केला, अजून पाठव. म्हणे, इतके खाल्ले? भलती खूश झाली.

२० ऑगस्ट
प्लास्टर कापलं. एक्सरे. मॅडमनं उजेडात धरला. हाडाच्या मधात काळी रेघ. म्हणे, हाडानं पकडलंच नाही.
मी सांगितलं, मॅडम, अंडे भेटले नाही, दोन श्रावण लागले. म्हणे, दूध बंद होतं का? डाळ बंद होती का? मंग म्हणे, तोंड उघड.
उघडलं.
मॅडमनं माझे दात पाहिले. नर्सले म्हणे, नवीन प्लास्टर भिजव.
चुन्याचं सांगणार होतो. राहून गेलं.

२३ ऑगस्ट
काल पोळा झाला. आज टिकारामजी खोलीवर आला. नवीन प्लास्टर पाहिलं. बसला बी नाही. रिगरची जागा धनंजयले दिली.
धनंजय मागं उभा होता. म्हणे, भैया, मैंने नहीं माँगा. टिकारामजी हसून सांगे, लड़के को रस्से पर चढ़ते देखा तो पूछा, क्या खाता है रे? बोला, भैया की माँ के लड्डू.
जाताना धनंजयनं माझे सेफ्टी बूट मागितले, त्याचे फाटले म्हणे. देऊन टाकले. डावा मले लागतच नाही. सवयीनं त्यानं खर्रा ठेवला. सवयीनं डब्ब्याकडे बी पाहिलं.
आईचा फोन आला. म्हणे, लाडू अंगाले लागले ना रे? मी म्हटलं, लागले. सगळेच्या सगळे लागले.
उद्यापासून खर्रा बंद. पक्कं.

२४ ऑगस्ट
राधाबाईचा श्रावण संपला. सकाळी सकाळी स्वतः ताट घेऊन आली. उकडलेले अंडे, वरून मीठ-तिखट. साली बी सोलून आणल्या. म्हणे, खा माया लेकरा, मले रोज तुयाकडे पाहून पाप लागल्यासारखं होये. अन् मी खातो का नाही, ते पाहत उभी राहिली.
मी हातानं खूण केली, ठेवा तिथं. बोलता येत नव्हतं.
तोंडात खर्रा होता.