कतारचा कोरा नकाशा

बाबा, तुमचं म्हणणं मला मान्य नाही. तेव्हाही नव्हतं, पण तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि तुम्ही दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी यायचात. वहीत मी कतारचा नकाशा काढला होता, समुद्रात खुपसलेल्या अंगठ्यासारखा, आणि तुमच्यासमोर धरून विचारलं होतं, आत काय काय दाखवू? तुम्ही बशीत चहा ओतत होतात. मान वर न करता म्हणालात, "वाळू आहे. दुसरं काय असणार? कोरा ठेव." बारा वर्षं तिथे पाण्याचा टँकर चालवून तुम्ही मला एवढंच सांगितलंत.

डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षी सोडला, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेल्यावर काकांनी इकडे अमेरिकेत बोलावून घेतलं. आता हर्नडनच्या एका ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर, गाडीत लावायच्या नकाशांसाठी रस्ते आखतो. या आठवड्यात कतार माझ्या वाट्याला आलं. उपग्रहाच्या चित्रात बघतोय, तर पश्चिमेला चुनखडीची लांबट टेकडी आहे. मध्ये खोलगट जागा आहेत, तिथे पावसाचा गाळ साचून झुडपं उगवतात. दक्षिणेला समुद्र वाळूच्या टेकड्यांमधून आत शिरलाय. आणि किनाऱ्यालगत सबखा, म्हणजे खाऱ्या चिखलावरची मिठाची पापडी. वरून टणक दिसते, गाडी घातली की रुतते. आलेल्या डेटात तिच्यावरून सरळ रस्ता काढलेला होता. मी तो पुसला.

आमचा टीम लीड पुण्याचा आहे. तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "यार, सपाट देश आहे. रस्ता परत टाक, उद्या डिलिव्हरी आहे."

"तो रस्ता नाही, चाकांचे जुने माग आहेत. भर उन्हाळ्यात कुणी तिथे रुतलं तर मरेल."

"क्लायंटने दिलाय ना? तुझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय, आठवण आहे ना?"

"आहे."

"तू गेलायस कधी तिकडे?"

मी म्हणालो, "वडील बारा वर्षं तिथे टँकर चालवत होते. सबखा कशी ओळखायची ते त्यांनीच शिकवलं."

त्याने स्क्रीनवर ती जागा मोठी करून पाहिली. "बरं. पण मेलवर लिहून दे, तुझ्या नावाने."

तीनदा वाचून, एकेक शब्द तपासून लिहून दिलं. नकाशातून तो रस्ता गेला. कॉन्ट्रॅक्टचं अजून कुणी काही बोललेलं नाही, आणि गेलं तर गेलं.

तुम्ही मला काहीही शिकवलं नव्हतंत, बाबा. सबखा मी इथल्या लायब्ररीतल्या पुस्तकात वाचली. तुमच्या नावावर खोटं बोललो याची माफी मी मागणार नाही आणि हे पत्र कुठे पाठवणारही नाही. फक्त, ते खोटं बोलताना मला फार बरं वाटलं.