खंडेरावच्या पुड्या आणि माझं हार्ट

९ जानेवारी १९३६, देवळाली कॅम्प

आणि मामाला एकदा तरी हे समजायला पाहिजे की हार्ट म्हणजे बैल नव्हे, शेपटी पिरगाळली की चालायला लागलं! पण नाही. आज पुन्हा आला. नाशिक रोडला कांदा वॅगनीत भरून झाला की हा बहिरूमामा इथे हजर. आमच्या सोड्याच्या कारखान्याच्या दारात उभा राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारतो, "काय भाचा, बंद पडनं का चालू शे?"

त्याला तीनदा सांगितलं की ठोका गळतो. एक, दोन, मग काहीच नाही, मग एकदम दोन. तो म्हणे, सोड्याच्या बाटलीतली गोटी आहे ती, हलवली की वाजते. आमचे मालक रहेमानशेठ हसले. शेठ हसले म्हणून मलाही हसावं लागलं. हसताना एक गळला.

जाताना मामा गंभीर होऊन म्हणाला, आक्काला, म्हणजे माझ्या आईला, दम लागतो, विहिरीवरून हंडा आणला की ओट्यावर बसून राहते, नाशकातल्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे, तू दहा रुपये पाठव. पाठवीन म्हटलं. पण आधी माझं. मुलगाच गेला तर आईला नाशकात फिरवणार कोण? हे मामाच्या डोक्यात शिरत नाही.

खरं कारण कुणाला सांगत नाही. इथे लिहितो. मी अगदी लहान होतो. आमच्या नामपूरच्या घरात उंबऱ्यावर बाप बसला होता, छातीवर हात दाबून. चेहरा आठवत नाही. हात आठवतो. त्याच दिवशी बाप गेला. ते हार्ट माझ्यात आलंय.

१० जानेवारी

कॅम्पातल्या डॉक्टरकडे गेलो. नळी लावली, पाठ ठोकली, जीभ बघितली. विचारलं, दिवसाला सोडा किती पितोस? म्हटलं, कमी गॅसच्या बाटल्या शेठ विकायला ठेवत नाहीत, त्या मीच पितो, फुकट का घालवायच्या? चहा किती? म्हटलं, शेजारीच हॉटेल आहे. विडी? म्हटलं, चहाबरोबर.

म्हणाला, सोडा बंद, चहा एक कप, विडी बंद, वेळेवर झोप. पोटात गॅस धरला की छातीत धडधडतं. हिरवी भाजी खा, केळी खा, दाणे खा, अंगात क्षार कमी पडू देऊ नको. जा.

बाटली नाही, पुडी नाही, इंजेक्शन नाही. असला कसला डॉक्टर! पण एक गोष्ट मी बरोबर पकडली. क्षार कमी आहेत. बाकीचं सगळे डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात.

१४ जानेवारी, संक्रांत

उद्यापासून विडी बंद. आज सण आहे.

खंडेराव भेटले. हे पूर्वी पलटणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता बाजारात चादर अंथरून डबे मांडतात. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले, आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, "लोखंड उतरलंय." अंगावर काटा आला. नळी न लावता ओळखलं! म्हणाले, माणूस म्हणजे यंत्रच. चाकाला तेल, हार्टला धातू. लोहभस्म सकाळी मधातून, शंखभस्म दुपारी, वर नर्व्ह टॉनिक दोन चमचे. महिन्यात घोड्यासारखा होशील.

घेतलं. आईचे दहा रुपये पुढच्या पगाराला. नक्की.

१८ जानेवारी

गुण! काय गुण! सकाळपासून एकही ठोका गळला नाही. गॅसच्या यंत्राचं चाक फिरवताना मी चाक आणि नाडी बरोबर मोजतो. आज दोन्ही एका तालात. मध्येच शेठ ओरडले, "अबे झिपरू, बाटली भर, तबला नको वाजवू." मोजणी चुकली. चौथीपर्यंत शिकलो, पण शंभराच्या आसपास मला कुणी ना कुणी हाक मारतंच.

विड्या दोनच ओढल्या. अर्ध्या अर्ध्या, चार वेळा.

२३ जानेवारी

मेलो. सकाळी परसाकडे काळं झालं. कोळशासारखं काळं. रक्त आतल्या आत जळलं असणार. तिथेच भिंत धरून राहिलो. बाहेर डबा घेऊन उभा असलेला हॉटेलवाला म्हणाला, "आत बिऱ्हाड केलं काय रे?" त्याला काय सांगणार, आत कोण मरतंय.

तसाच खंडेरावांकडे पळत गेलो. ते म्हणाले, लोखंड खाल्लं तर काय केशरी होणार? हा तर गुण आलेला! मग मीही शांत झालो. पळाल्यामुळे मात्र बरेच ठोके गळले. त्यावर त्यांनी डोस वाढवला.

१ फेब्रुवारी

पगार. आता आधी आईची मनीऑर्डर, मग बाकी सगळं. पोस्टाकडे निघालोसुद्धा. वाटेत खंडेरावांची चादर लागते, दुसरा रस्ता लांबचा आहे आणि मला लांब चालायचं नाही. त्यांनी मोतीभस्म दाखवलं. पांढरंशुभ्र. म्हणाले, लोखंडानं जोर येतो, पण ताल मोत्यानंच येतो. आता जोर आला आणि ताल नसला तर? जोरात चुकलं तर? याचा विचारच मी केला नव्हता.

घेतलं. पोस्ट बंद झालं असेल म्हणून गेलो नाही.

८ फेब्रुवारी

तोफा सुरू झाल्या. गोरे लोक माळावर नवीन तोफखान्याला शिकवतात. दरसाल होतं, पण दरसाल माझं हार्ट चांगलं होतं. धडाम् झालं की आत एक उडी. दुसरा धडाम् कधी होईल म्हणून हार्ट वाट बघत थांबतं, आणि तो होत नाही, मग ते आपलं आपणच धडकतं. मी कानात कापूस घातला. आता छातीतलं आणखी मोठं ऐकू येतंय.

दुपारी एक तोफ झाली आणि माझ्या हातातली बाटली फुटली. काच अंगठ्यात. शेठनी स्वतः फडकं बांधलं आणि म्हणाले, "मियाँ, तोफेला घाबरतो का दिलाला, एक काय ते ठरव. दोन्हीला घाबरायला मी पगार देत नाही." फुटलेल्या बाटल्या कापणार म्हणाले. बाटल्या म्हणाले, कारण ही तिसरी.

भीतीनं तहान फार लागते. सोडा प्यालो. पाच-सहा. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं, पण त्याला तोफांचं कुठे माहीत होतं?

१२ फेब्रुवारी

खंडेरावांनी मूळ शोधलं. भस्मं अंगाला लागत नाहीत कारण आत मळ धरलाय. आधी जुलाबानं झाडून काढायचं. विलायती मीठ दिलं. हाही क्षारच आहे, आणि हार्टला फार चांगला, साहेब लोक घेतात. एक चमचा म्हणाले. मी तीन घेतले. एवढ्या मोठ्या रोगाला एक चमचा म्हणजे थट्टा.

१३ फेब्रुवारी

जास्त लिहिता येत नाही. उठावं लागतं.

१४ फेब्रुवारी

अजून आहे. पण कसा? हातपाय गळाले, पोटऱ्यांत गोळे, आणि हार्ट तर आता ताल सोडून नुसतं पळतंय, अडखळतंय, पुन्हा पळतंय. हे आता ढोंग नाही. म्हणजे आधीही नव्हतं. पण आज खरंच भ्यालो. आईला हाक मारली. इथे आई कुठे? शेठच्या घरून ताहेराभाभींनी मीठ-लिंबू-साखरेचं पाणी पाठवलं, वर निरोप, की पोराला म्हणावं केळं खा आणि गप पड. प्यालो, खाल्लं. संध्याकाळी जरा बरं वाटलं. मोतीभस्म लागू पडायला वेळ घेतं, पण पडतं.

मी गेलो तर ट्रंक आईला द्यावी. टॉनिकच्या बाटल्यांत अजून औषध आहे, तेही.

२७ फेब्रुवारी

मामा आला. आज चेष्टा केली नाही, त्यावरूनच मी ओळखलं की माझा चेहरा फार वाईट दिसत असणार. पण तो आईचंच बोलत बसला. परवा शेतात बसली ती उठेना. ओठ निळे पडले. शेजारच्या धोंडीरामच्या बैलगाडीत घालून घरी आणली. "पैसा का नही धाडना रे तू?"

मी त्याला समजावलं, की आक्काचं आणि माझं एकच दुखणं आहे, घराण्यातलं, आणि त्याच्यावर मी इथे दीड महिना शोध लावतोय. टॉनिकची अर्धी बाटली आणि लोहभस्माच्या सहा पुड्या त्याच्या हातात दिल्या, मधातून घ्यायच्या म्हणून सांगितलं. विलायती मीठ दिलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

मामानं बाटली उजेडात धरून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "झिपरू, तू येडा शे का तुले कोणी करं?" आणि पुड्या माझ्या खाटेवर ठेवून निघून गेला. बाटलीपण ठेवली. चहासुद्धा प्याला नाही. मामा चहा न पिता गेला असं कधी झालं नव्हतं.

१६ मार्च

आजचं लिहायलाच पाहिजे.

मामानं कांद्यावर उचल घेऊन आईला नाशकात आणलं. सकाळी निरोप आला. शेठनी अर्धा दिवस दिला आणि टांगाही करून दिला. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आई भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी दिसली. मला बघून म्हणाली, "किती वाळना रे पोऱ्या!" मी म्हटलं, आई, माझं हार्ट. ती म्हणाली, हो का, बस.

आत मोठ्या डॉक्टरनं तिच्या छातीला नळी लावली. बराच वेळ. एकदा नळीची टोकं कानांत नीट करून पुन्हा लावली. मला राहवलं नाही, म्हटलं, साहेब, माझंही असंच आहे, तिचं माझ्याकडून समजून घ्या. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. नळीची टोकं माझ्या कानांत घातली, दुसरं टोक आईच्या छातीवर, आणि म्हणाला, ऐक.

मी ऐकलं.

आमच्या यंत्राचा पट्टा सुटायला आला की चाक कसं फिरतं, ओढतं, थांबतं, घसरतं, तीन फेरे एकदम घेतं. तसं. कसलाच ताल नाही. असलं हार्ट घेऊन ही बाई चालते, पाणी भरते, कांदा खुडते. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून हसत होती, जसं काही मी तिची पेटी उघडून बघतोय.

मग डॉक्टरनं तेच टोक माझ्या छातीवर ठेवलं. धप, धप, धप. मी वाट बघितली. धप, धप. एकदा किंचित अडखळलं, पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाला, एवढं माझंही अडखळतं, चहा कमी कर. मला बरं वाटायला पाहिजे होतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

बाहेर आल्यावर आईला विचारलं, कधीपासून? म्हणाली, "तू पोटमा व्हता तवपाईन. पाखरू शे ते. फडफड करस, मंग बठी जास." म्हटलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, कुणाला सांगू, तू तर ऐकूनच घाबरायचास.

मग बापाचं विचारलं. उंबऱ्यावर बसला होता, छातीवर हात. आईनं पदर सारखा केला. म्हणाली, "तुना बाप तापमा गया, बाजवर. उंबरावर मी बठेल व्हतू. तो हात मना व्हता."

मामा विडी काढत होता. त्यानं ती परत खिशात घातली.

१७ मार्च

आईला हार्टचे थेंब दिलेत. रोज मोजून, चुकवायचे नाहीत, डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवायचेही नाहीत. हंडा उचलायचा नाही. महिन्यानं पुन्हा दाखवायचं, तोवर दूध आणि थेंब. सगळं मिळून दहा रुपये लागतील म्हणाले. मामाच्या देखत सांगितलं की दर महिन्याला दहा पाठवीन, पहिले याच पगाराला, सुटे नाहीत, सबंध दहाची नोट. मामा म्हणाला, बरं. नुसतं बरं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आई मोटारीत बसताना म्हणाली, तोफा वाजल्या की कानात बोटं घाल, कापूस नको. मी तिला तोफांचं कधी सांगितलं होतं?

२३ मार्च

सोडा बंद. विडी बंद. चहा एक. हे तीन दिवस पाळलं. धडधड नाही. विचित्र आहे. मोतीभस्म अंगात मुरलं असावं.

आता भीती आहे ती वेगळीच. माझी नाडी धरतो आणि वाटतं, तिकडे तिची कशी चालली असेल.

१ एप्रिल

पगार झाला. मागचा भस्मांच्या उधारीत गेला होता, म्हणून शेठनी फुटलेल्या बाटल्या आता कापल्या, ते त्यांचं बरोबर. आजारातले खाडे कापले, तेही. पण खंडेरावनं (आता नुसतं खंडेराव) माझ्या नावानं सुवर्णभस्म मागवून ठेवलं होतं. फेब्रुवारीत मीच सांगितलं होतं, मरायच्या बेतात असताना. परत घ्या म्हटलं, आईचं हार्ट आहे. तो म्हणाला, मग तर घेच, तिला पाठव. मी त्याच्या चादरीवरून उठलो, पुन्हा बसलो, आणि शेवटी पैसे दिले. दिले. का दिले ते लिहिता येत नाही. तोफ झाली होती.

कारखान्यात येऊन खाटेखालच्या टॉनिकच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या शेठपुढे मांडल्या. शेठनी त्यांचं लेबल वाचलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "ह्यात गोटी नाही बसत, मियाँ." तरीपण बाटलीला आणा दिला. अकरा बाटल्या. एक ठेवली, तिच्यात थोडं आहे.

मग पोस्टात गेलो. लांबच्या रस्त्यानं. लायनीत उभा असताना दोन ठोके गळले, पण मी मोजले नाहीत. फॉर्मवर नाव घातलं, धोंडाबाई, मुक्काम नामपूर. खाली निरोपाला जागा असते. लिहिलं, थेंब चुकवू नको, हंडा उचलू नको, उरलेले पुढच्या पगाराला नक्की.

कमिशन कापून आईला पाठवले: चार रुपये नऊ आणे.