कन्व्हर्टर शाबूत आहे

शनिवार, ९ नोव्हेंबर
दुपारी अडीच, गॅरेजमधून

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटून पाहिलं असशील. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. गॅरेजच्या पत्र्याला नवा रंग दिला. शेजारच्या टायरवाल्याने दुकान वाढवलंय आणि त्याचे टायर आपल्या दारात येऊन बसतात, ते परत ढकलत नेणं हा माझा सकाळचा व्यायाम.

पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज वहीची पानं फाडून बसलोय, कारण एक काम असं झालंय की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ते कळेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

तुझ्या भूगोलाच्या बाई गाडी घेऊन आल्या होत्या. तीच निळी, आता वीस वर्षांची. बाई रिटायर झाल्यात, तरी आठवड्यातून तीन दिवस दगडखाणीजवळच्या वस्तीत मुलांना शिकवायला जातात. पस्तीस किलोमीटर, तिकडे बस जात नाही. दोन महिन्यांपासून समोरचा पिवळा इंजिनचा दिवा पेटलेला. मोठ्या सर्व्हिस सेंटरात नेली, तिथल्या टाय लावलेल्या पोराने कोड काढला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपलाय, नवा टाका, नाहीतर गाडी भंगारात द्या. नव्या कन्व्हर्टरच्या किमतीत अशी दुसरी गाडी येईल. आणि दिवा विझल्याशिवाय धुराचं सर्टिफिकेट मिळायचं नाही, ते महिनाअखेर संपत होतं. म्हणजे बाईंची शाळा बंद.

मी स्कॅनर लावला. हो, तोच, तू कपाटात ठेवून गेलीस तो. हसू नकोस. कोड आला पी झीरो फोर ट्वेंटी, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही.

पुढचं तुला पाठ आहे, तरी लिहितो. मला नीट येतंय का ते बघायचंय, चुकलो तर लाल पेनने खूण कर. कन्व्हर्टरच्या आधी धुरातला ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर, नंतर एक. स्कॅनरच्या पडद्यावर आधीचा सतत वरखाली नाचतो, तो नाचायलाच हवा. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागचा शांत बसतो. आपल्या गाडीत मागचाही नाचत होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने एवढंच पाहिलं आणि कन्व्हर्टर मेला म्हणून मोकळा झाला.

मी मात्र बाईंना आत बसवून ॲक्सिलरेटर द्यायला लावला. इंजिन अडीच हजारांवर धरलं, तर मागचा सेन्सर गप्प. एकदम शहाणा. पाय काढला, गाडी आयडलिंगला आली, की पुन्हा नाच सुरू. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. आता कन्व्हर्टर मेला असेल तर तो असा शिफ्टमध्ये कसा मरेल? म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा आत जातेय. जोर असला की धूर तिला आत येऊ देत नाही, जोर उतरला की ती शिरते, आणि सेन्सर बिचारा त्या हवेला फसतो.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. मग रंग सुकवायचा ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्या लावून बसवला, थंड हवा आत सोडली, आणि साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली गेलो. एकेक जोड भिजवत पुढे सरकलो. कन्व्हर्टरच्या मागच्या जोडावर, सेन्सरच्या चार बोटं आधी, बुडबुडे. लहान लहान, एकामागून एक, अगदी आनंदाने येत होते. पॅकिंग जळून कोपऱ्यात खाल्लं गेलं होतं. हाताच्या पंजाएवढं पॅकिंग, खारे! कन्व्हर्टरला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

आता पुढची गोष्ट. ही लिहायला मी मघाशी दोनदा उठलो आणि उगाच नटबोल्टचे पाने पुसून आलो.

मी गाडीखाली बोल्ट सोडवत होतो. बाई बाजूला उभ्या होत्या, त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण चपला जवळ आल्या. मी आपला खालून म्हणालो, "गंजलीय हो बाई, पण थोडं तेल सोडलं की निघेल." चपला हलेचनात. बाहेर आलो तर बाई माझ्याकडे डोळे मोठे करून बघताहेत. त्यांनी विचारलं होतं, "मुलगी कशी आहे?"

ते मला नंतर कळलं. बाई पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, की हातवारे केले नाहीत. गाडीच्या मागच्या काचेवर धूळ होती, तिच्यावर बोटाने सुवाच्य अक्षरात लिहिलं: तुम्हाला ऐकू येत नाही का?

मी काच पुसायला फडकं उचललं. मग फडकं खाली ठेवलं आणि म्हणालो, "नाही येत."

हे मी तोंडाने पहिल्यांदा म्हणालो. आईलासुद्धा म्हणालो नव्हतो. तिला कळलं होतं, तिला सगळंच कळतं, पण ती माझ्या वतीने लोकांना "जरा मोठ्याने बोला, मशीनचा आवाज आहे" म्हणत राहिली. बंद मशीनचासुद्धा.

उजवा कान आठ वर्षांपूर्वी गेला, डावा त्याच्या मागोमाग. चाळीस वर्षं हातोडा आणि सायलेन्सर, दुसरं काय होणार. डॉक्टरांकडे चोरून गेलो होतो. यंत्र लावलं तर थोडं कळतं, पण गॅरेजमध्ये सगळा गोंगाट एकदम येतो, त्यातून एक आवाज वेगळा निघत नाही. लोक गावभर सांगायचे, मिस्त्री नुसत्या आवाजावरून रोग सांगतो. त्या नावावर मी जगलो. ते गेलं हे कुणाला सांगू?

म्हणून फोन आला की मी तो आईच्या हातात देतो. तू आईला म्हणालीस, "बाबांना माझा आवाजही नको झालाय." आईने मला ते सांगितलं, आणि मी वर्तमानपत्र उलगडलं. खारे, मला तुझा आवाज हवा होता. मी दोनदा फोन कानाला लावला होता. आत नुसती वाळू सरकल्यासारखं होत होतं. तू काहीतरी विचारलंस आणि थांबलीस, ते थांबणं तेवढं कळलं. मी भलतंच उत्तर देईन या भीतीने फोन आईच्या हातात दिला.

आणि पाच वर्षांपूर्वीची ती टॅक्सीवाल्याची गाडी.

तू म्हणालीस, "बाबा, गार इंजिनला चेन खळखळतेय, आज सोडू नका." ते मी तुझ्या ओठांवरून ओळखलं आणि बॉनेटवर वाकलो. मला काही ऐकू आलं नाही. तेव्हा मी म्हणू शकलो असतो की पोरी, तू ऐक, माझे कान दमलेत. त्याऐवजी चार गिऱ्हाइकांसमोर मी काय बोललो ते तुला आठवतंय, मलाही आठवतंय. "हिला मशीनवर बोटं फिरवता येतात, गाडी ऐकायला कान लागतात." तू हात धुतलेस, स्कॅनर पुसून कपाटात ठेवलास, आठ दिवसांत निघून गेलीस.

तिसऱ्या दिवशी चेन तुटली. हायवेवर, माणसं वाचली, इंजिन गेलं. टॅक्सीवाल्याचं इंजिन मी शटर ओढून एकट्याने बांधून दिलं. तू तेव्हा घरातच होतीस, सामान भरत होतीस. मी वर येऊन सांगायला हवं होतं. जिन्यापर्यंत आलो होतो. तुझं खरं होतं, पोरी. तुझं खरं होतं आणि मी ते पाच वर्षं खिशात घेऊन फिरलो.

आता विचारशील, या म्हाताऱ्याला ग्राफ वाचायला कुणी शिकवलं? तूच.

आईच्या फोनवर एकदा तुझा व्हिडिओ दिसला. तू कुठल्याशा वर्कशॉपमध्ये पंचवीस मेकॅनिकांसमोर उभी, हातात सेन्सर. मला वाटलं, आता हिचे नुसते ओठ बघायचे. पण खाली अक्षरं उमटत होती. तू बोललेला शब्द न् शब्द, शुद्ध मराठीत. का लिहितेस गं ती? कुणासाठीही लिहीत असशील, मला ती पावली. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की शटर अर्धं ओढतो, चष्मा लावतो आणि वही घेऊन बसतो. तुझे एकसष्ट धडे झालेत माझे. आयडलिंग आणि अडीच हजार ही युक्ती एकोणिसाव्या धड्यातली. ती मी आधी तीन गाड्यांवर करून पाहिली, मग बाईंच्या गाडीला हात लावला.

टायरवाला परवा विचारत होता, कुणाचे व्हिडिओ बघता? मी त्याला फोन दाखवला आणि म्हणालो, "ही मास्तरीण माझ्याच घरातली." छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं. त्याने माझ्याकडे बघून दोनदा मान हलवली आणि त्या दिवसापुरते आपले टायर स्वतः उचलले.

बाईंच्या गाडीला नवं पॅकिंग घातलं, बोल्ट नवे घातले, कोड पुसला आणि सांगितलं, चार दिवस नेहमीसारखी चालवा. काल त्या आल्या. दिवा विझलेलाच. मागच्या सेन्सरची रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. धुराची टेस्ट पहिल्या फेरीत पास. येताना त्या सर्व्हिस सेंटरात मुद्दाम थांबल्या आणि त्या टायवाल्याला म्हणाल्या, "तुमचा मेलेला कन्व्हर्टर मला वस्तीवर सोडून आला." मला हे त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. हल्ली माझ्यासाठी पर्समध्ये पाटी ठेवतात.

आणि काल संध्याकाळी मी गॅरेजवर फलक लावला. स्वतः रंगवला, अक्षरं थोडी वाकडी आलीत: "मिस्त्रींना ऐकू येत नाही. समोर येऊन बोला किंवा लिहून द्या. काम पक्कं होईल." वाटलं होतं गिऱ्हाईक तुटेल. आज सकाळपासून चार गाड्या लागल्यात.

एक शंका आहे. चोविसाव्या धड्यात तू म्हणतेस, मागच्या सेन्सरची रेघ सतत खालीच राहिली तर आधी सेन्सरवर संशय घेऊ नये, वायर तपासावी. कुठून सुरुवात करायची, सेन्सरच्या टोकाकडून की गाडीच्या कंप्युटरच्या? मी तीनदा वाचलं, डोक्यात शिरलं नाही. सावकाश, सोपं करून लिही. मी तुला शिकवताना ओरडायचो. तू ओरडू नकोस, आणि ओरडलीस तरी मला कुठे ऐकू येणार आहे.

ज्याला तू नकळत शिकवलंस,
तो तुझा
बाबा