बाटलीवरचं खोटं नाव

गिरगाव,
१८ मार्च १९६०

प्रिय दादा,

अप्पांच्या तेराव्यानंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही. लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण जे लिहिलं असतं ते आनंदीवहिनींच्या हाती पडायला नको होतं. आजचं पत्र मायेचं समजून उघडू नकोस. मात्र शेवटपर्यंत वाच. समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडायची तुझी सवय आज जरा आवर.

दादरचा तुझा दवाखाना जोरात चाललाय म्हणे. भिंतीवर तुझा फोटोही आहे. छप्पन सालच्या जानेवारीत, दंडाला तांबड्या फुलीची पट्टी बांधून, तू मोर्चातल्या जखमीला मलमपट्टी करतोयस. त्या माणसाचा गुडघा खरचटला होता, तोही चपलेचा अंगठा तुटून तो पडला म्हणून. शेजारच्या रमाकांतनेच मला सांगितलं, तो तिथे होता. ज्या आठवड्यात माणसं गोळ्या लागून पडत होती, त्या आठवड्यात तुला सापडला तो गुडघा! आता मुंबईसह महाराष्ट्र होतोय, तेव्हा फोटोला हारही घालशील.

त्याच जानेवारीत अप्पांना शौचावाटे रक्त जात होतं. तू खुर्चीतून उठलाही नाहीस. "मूळव्याध आहे. सुरण खा, ताक प्या." बापाला तपासायची तुला लाज वाटली. संचारबंदी उठल्यावर मीच त्यांना परळला आमच्या इस्पितळात नेलं. सर्जननी नळी घालून पाहिलं, तर आतड्यात बोटाच्या पेराएवढा मांसाचा कोंब. त्याचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला. मेणात बसवून तो मीच कापला, मीच रंगवला. तुझ्या मते हे काचा पुसायचं काम. बारा वर्षं मी या काचा पाहते आहे, दादा. आतड्याच्या निरोगी अस्तरातल्या पेशी बुळबुळीत स्रावाने भरलेल्या असतात, रंग घातला की निळ्या मण्यांच्या ओळी दिसतात. जी जागा कर्करोगाच्या वाटेला लागलेली असते तिथले मणी आधी विरळ होतात, मग दिसेनासे होतात. अप्पांच्या काचेवर अर्ध्या भागात एकही मणी नव्हता. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाहून लिहून दिलं की सगळा कोंब काढा, अजून वेळ आहे.

तो कागद मी तुझ्या हातात दिला तेव्हा तू हसलास. "मृणाल, तू रंगारीण आहेस, रंगव. रोग मी ओळखतो." अप्पांकडे वळून म्हणालास, "या वयात पोटावर सुरी चालवून घ्यायची आहे का?" अप्पांनी तुझंच ऐकलं. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाजवळ, मुलगा डॉक्टर आहे, यापलीकडे मिरवायला होतं काय? दिवाळीत त्यांचं आतडं अडलं. आठ दिवस ते तळमळले. भेटायला येणाऱ्यांना तू सांगत होतास, "शहर बंद होतं ना, त्यामुळे उपचाराला उशीर झाला." संचारबंदी उठून नऊ महिने झाले होते. तुझ्याइतकं सफाईने खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निदान असं मला कालपर्यंत वाटत होतं. गेल्या आठवड्यात आमच्याकडे तपासायच्या तुकड्याची एक बाटली आली. शामराव दत्ताराम, वय एकोणपन्नास, लालबागचा गिरणी कामगार. चिठ्ठीवरचं अक्षर तुझं. मला नवलच वाटलं, या चार वर्षांत तू आमच्याकडे एकही नमुना पाठवला नव्हतास. कापला, रंगवला. मणी विरळ, कडेला तर नाहीतच. काल दुपारी आनंदीवहिनी प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. "शामरावांचा निकाल हवा होता," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी त्यांना बाकावर बसवलं. "किती दिवस रक्त जातंय?" त्या म्हणाल्या, "गणपतीपासून. मूळव्याध म्हणून स्वतःच औषध घेत होते. शेवटी एका सर्जन मित्राकडून हा तुकडा काढवून घेतला. तुम्हाला सांगितलं तर माझ्याशी बोलणार नाहीत." सहा महिने, दादा! बापाचं दुखणं नाकारलंस, स्वतःचंही नाकारलंस, आणि भीती अनावर झाली तेव्हा लालबागच्या कुण्या कामगाराचं नाव पांघरून बहिणीच्या टेबलावर आलास. तुझी कीव यायला हवी होती. आली ती किळस.

तरीही हे लिहिते आहे, कारण तो निकाल माझ्यापाशी आहे. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलाय. आलेल्या तुकड्यात बिघाड वरच्याच थरात आहे, खोल शिरल्याची खूण नाही. मुळाशी काय आहे ते कोंब पुरता काढल्यावरच कळेल, पण आज तो काढता येतो. सोमवारी सकाळी नऊला ये. खाट सांगून ठेवली आहे, तुझ्या खऱ्या नावाने. आला नाहीस तर मी दादरला येईन आणि बाहेर बसलेल्या तुझ्या सगळ्या रोग्यांसमोर हा कागद मोठ्याने वाचेन. अप्पांच्या वेळी तू हसलास आणि मी गप्प बसले. तुला मी क्षमा केलेली नाही, पण त्या गप्प बसण्याची स्वतःलाही केलेली नाही. वहिनींना बरोबर आण. येताना काही खाऊ नकोस.

तुझीच,
मृणालिनी