शेवाळी डॅटसन

मंगळवार, ४ मार्च

सापडली! माझ्या मेकॅनिकचा फोन आला तेव्हा माझी दोन बोटं एका रुग्णाच्या तोंडात. मदतनीस बाईंनी फोन माझ्या कानाला धरला. "डॉक्टर, डॅटसन आहे. सत्तरच्या दशकातली, एकच मालक. आणि रंग कारखान्यातला, पहिलाच!" मी हसले. रुग्णाला वाटलं त्याच्या दाढेला हसले. बिचाऱ्याची समजूत काढावी लागली.

मालकांचं चष्म्याचं दुकान होतं. आता ते बंद केलंय. नवरा-बायको दोघं मुलाकडे राहायला चाललेत, तिथे गाडी उभी करायला जागा नाही. म्हणून विकायची.

घरी सांगितलं. नवरोबा एवढंच म्हणाले — "तिसरी?" आणि पेपर तोंडासमोर धरला.

गुरुवार, ६ मार्च

पाहून आले. 

चष्मेवाले काका फाटकातच उभे. माझ्या मागे बघत राहिले. "साहेब गाडी लावून येतायत का?" म्हटलं, साहेब घरी आहेत, त्यांना गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. काकू आतून खुदकन हसल्या.

काकांनी ताडपत्री ओढली. शेवाळी हिरवी! टपावर उन्हानं जरा फिकटलेली, दाराच्या मुठीशी बोटं लागून लागून गुळगुळीत झालेली. आरसे पुढच्या मडगार्डवर, जुन्या जपानी गाड्यांना असायचे तसे. मी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि अंगभर फिरवलं. पत्रा सडला की लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग फासतात, तिथे चुंबक चिकटत नाही. इथे सगळीकडे टक्कन चिकटलं! दाराच्या आतल्या कडेला जपानी अक्षरांचा इवलासा कागद, तोही जागच्या जागी.

असा रंग एकदाच मिळतो. नवा कितीही झकास मारा, तो नवाच. रुग्णांनाही मी हेच सांगते — आपला झिजलेला दात कवळीपेक्षा केव्हाही बरा.

मनात उड्या मारत होते. चेहऱ्यावर मात्र काही म्हणून दिसू दिलं नाही. आईची शिकवण! आई बाजारात जो कोबी आवडेल नेमकी त्यालाच नावं ठेवायची. "आवडलं असं दिसलं, की भाव चढलाच." मी आजवर प्रत्येक गाडी अशीच घेतली आहे, जे सगळ्यात जास्त आवडलं त्यालाच नाक मुरडून. तेव्हा नाक मुरडलं आणि म्हटलं, "रंग अगदीच गेलाय हो, काका."

 काका खिशातला चष्मे पुसायचा मऊ फडका काढून टप पुसत राहिले. काकूंचं हसू मावळलं. भाव मला हवा तसा ठरला. घर आवरून होईपर्यंत गाडी त्यांच्याकडेच राहू दे म्हणाले. मी हो म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

गाडी कुठे ठेवायची यावर घरात चर्चा. चर्चा म्हणजे मी बोलले.

बुधवार, १२ मार्च

काकांचा फोन. "कधी येताय, डॉक्टरीणबाई? घाई नाही हं — पण या!" आवाजात नुसता आनंद. मागून काकू काहीतरी म्हणाल्या, तर त्यांनी फोनवर हात ठेवला. गोड जोडपं आहे.

शनिवार, २२ मार्च

काय लिहू?

गेले तर गाडी अंगणात, ताडपत्री नाही, ऊन पडलेलं — आणि ती निळी! चकचकीत निळी! डोळे दिपले माझे. काका बाजूला हात बांधून उभे, बोहल्यावरच्या नवऱ्यामुलासारखे. "तुम्ही म्हणालात ना रंग गेलाय? माझ्या मनाला लागून राहिलं. खराब वस्तू दुसऱ्याच्या घरी द्यायची हे काही बरं नाही. पेंटर चांगला गाठला. आणि पैशाचं नाव काढायचं नाही, हा खर्च माझा!"

दार उघडून कड पाहिली. तो जपानी कागद गेला निळ्याखाली. दाराच्या रबरावरही निळे शिंतोडे.

रडू येत होतं, खरंच. पण त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून काय बोलणार? म्हटलं, "छान झालाय." "आवडला ना?" "हो तर!" काका खूश. काकू तेवढ्या खूश दिसल्या नाहीत. मी गाडीत बसले तेव्हा त्यांनी जवळ येऊन विचारलं, "सावलीत ठेवाल ना हिला?" ठेवीन म्हटलं. रस्त्याच्या वळणापर्यंत आले तरी पुन्हा तेच ओरडून विचारत होत्या.

रविवार, २३ मार्च

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करू?

नवरोबा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ही तर फार सुंदर आहे! तू इतकी का चिडलीयस?" त्यांना जेवायला वाढलं नाही. आपलं आपण घेतलं त्यांनी.

गुरुवार, २७ मार्च

इंजिन मात्र झकास. सकाळी दवाखान्यात घेऊन गेले, वाटेत एकदासुद्धा कुरकुरली नाही. आत बसलं की निळं दिसत नाही. रोज थोडी थोडी आवडतेय, रागावूनसुद्धा.

शनिवार, २९ मार्च

काकांचा फोन. बोलायला लागले आणि मी खुर्चीतून उठलेच! त्यांच्या मेहुण्यांकडेही डॅटसन आहे. दोन दारांची! हिच्याहून जुनी, कधी कुणी हात न लावलेली, कोठारात उभी. मेहुणे विकायला तयार. "मी त्याला तुमचंच नाव सांगितलं. आणि हो, काळजी करू नका! म्हटलं, डॉक्टरीणबाईंना फिका रंग चालत नाही, आधी रंगवून घे. सोमवारी दुपारी पेंटर येतोय."

तोंडातून फक्त "अहो, कशाला—" एवढंच निघालं. "कशाला म्हणजे! तुम्हाला आवडला ना रंग!"

रविवार, ३० मार्च

दिवसभर फोनकडे बघत बसले. खरं सांगितलं, तर काकांना कळणार की त्यांनी हौसेनं केलेल्या कामानं माझी गाडी वाया गेली. स्वतःच्या खिशातून खर्च केला, अंगणात ऊन खात तिच्यापाशी उभे राहिले, ते सगळं मी एका वाक्यात मातीत घालणार. नाही सांगितलं, तर उद्या दुसरीही निळी. मला ती दोन दारांची हवी आहे. खूप हवी आहे. आणि काकांना दुखवायचं नाहीये, तेही खरं.

नवरोबांना विचारलं. "दात काढावा लागेल हे रुग्णाला सांगतेसच ना? तसं सांग." त्यांना काय जातंय! तो दात मी किडवलेला नसतो.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं — शेवाळी रंग पहिल्याच दिवशी आवडला होता, नावं ठेवली ती भाव पाडायला, चूक माझी, मेहुण्यांच्या गाडीला कुणी हात लावू नका.  मग काका हळूच म्हणाले, "म्हणजे आमची गाडी तुम्हाला आवडली होती?"

"फार, काका. बघताक्षणी."

फोन तसाच हातात ठेवून त्यांनी आत हाक मारली — "अगं, ऐकलंस का! रडतेस कशाला रोज? न आवडणाऱ्याच्या घरी नाही गेली ती. त्यांना आवडली होती!"